नवी खोली, ओळखीचं टेबल: असिस्टेड लिव्हिंगमधले पहिले दोन महिने

जेवणाची वेळ झाली की डायनिंग हॉलच्या दारात एखादा माणूस थबकलेला दिसतो. हातात काठी नाहीतर वॉकर, कपडे जरा जास्तच टापटीप, आणि नजर या टेबलावरून त्या टेबलावर. खुर्च्या रिकाम्या असतात, पण कुठली कुणाची ते ठाऊक नसतं. हे कालपरवाच राहायला आलेत, हे कुणाला विचारावं लागत नाही.

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे ज्येष्ठांना रोजच्या कामांत मदत मिळते अशी वसाहत. अशा वसाहतींमध्ये मी बरीच वर्षं ॲक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर होते. नोटीस बोर्डावरचं महिन्याचं रंगीबेरंगी वेळापत्रक मीच करायचे. त्यामुळे हे लिहिताना थोडं जड जातंय, पण खरं तेच सांगते: नव्या माणसाचा जम त्या वेळापत्रकामुळे बसत नाही. जम बसतो की बिघडतो ते ठरतं जेवणाच्या टेबलावर, आंघोळीच्या वेळेवर आणि दुपार कलल्यानंतरच्या दोन-तीन रिकाम्या तासांत. म्हणून इथे क्रमही तसाच लावलाय. गाण्यांचा कार्यक्रम, शब्दकोडी, व्यायामाचा वर्ग हे सगळं येईल, पण आपल्या जागी.

हा लेख जो स्वतः राहायला जाणार आहे त्याच्यासाठी आहे. मुलांनी वाचला तर हरकत नाही, त्यांच्यासाठी पुढे थोडं वेगळं लिहिलंय.

जाण्याआधी: आपला दिवस कागदावर उतरवा

हॉस्पिटल म्हणावं तर इथे खोलीला तुमचं स्वतःचं दार आणि कुलूप असतं. हॉटेल म्हणावं तर सकाळी गोळ्या घेतल्यात का, हे विचारायला कुणीतरी येतं. या मधल्या जागेची कल्पना रुजवणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या केरेन ब्राउन विल्सन यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्यांच्या आईला पक्षाघात झाला आणि पुढची वर्षं नर्सिंग होममध्ये गेली (तिथे याचा अर्थ छोटं हॉस्पिटल नव्हे, तर कायम शुश्रूषा लागणाऱ्यांचं निवासस्थान). आईच्या मागण्या साध्या होत्या: स्वतःची खोली, स्वतःच्या वस्तू, आतून लावता येईल असं दार. विल्सन यांनी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये १९८३ साली तशी इमारत उभी केली. मदत लागते म्हणून माणसाच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. तो लक्षात ठेवा, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी तुम्हाला तो आठवावा लागेल, आणि कधीकधी तिथल्या लोकांना आठवण करूनही द्यावी लागेल.

दाखल होताना तुमची एक तपासणी होते. डॉक्टरी नव्हे, रोजच्या कामांची. सिडनी कॅट्झ हे अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामांची यादी आजही तिचा पाया आहे: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. त्याला १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी दुसऱ्या कामांची जोड दिली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. यातलं काय जमतं, काय अडतं, यावरून तुमचा केअर प्लॅन, म्हणजे कुठली मदत केव्हा करायची याचा आराखडा, ठरतो.

इथे दोन चुका होतात. वडीलधारी माणसं म्हणतात, "मला सगळं जमतं." सोबत आलेली मुलं म्हणतात, "त्यांना काहीच जमत नाही." दोन्ही उत्तरं अर्धवट. "शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, पण कपडे निवडायचे मीच," असं उत्तर द्या. तपासणाऱ्याला त्यातूनच खरी मदत आखता येते.

आता कागदाचं. घरी असतानाच एका कागदावर आपला साधा, सणवार नसलेला दिवस तासातासाने लिहून काढा. कितीला जाग येते, अंथरुणात किती वेळ लोळता, आंघोळ केव्हा, वर्तमानपत्र आंघोळीआधी की नंतर, दुपारी डोळा लागतो का, रेडिओ कधी, दिवा कधी मालवता. क्षुल्लक वाटतं ते आवर्जून लिहा. या कागदाच्या दोन प्रती करून एक केअरगिव्हरच्या, म्हणजे मदतनिसाच्या, हाती द्या आणि एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

हे एवढं का सांगतेय? आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. जन्म रात्रपाळीत गेलेला. निजण्यापूर्वी आंघोळ ही त्यांची साठ वर्षांची सवय. प्लॅनमध्ये त्यांची आंघोळ सकाळी सातला लागली, कारण त्या मजल्यावर सगळ्यांचीच सातला होती. आंघोळीने ते इतके थकायचे की अकरापर्यंत पडून राहायचे. सकाळचा व्यायाम हुकला, वाचनमंडळ हुकलं. महिनाभरात त्यांच्या फाइलवर शेरा पडला, "मिसळत नाहीत". मीसुद्धा त्यांना दोनदा गोड बोलून बोलवायला गेले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. शेवटी एका रात्रपाळीच्या मुलीने त्यांना सहज विचारलं आणि आंघोळ रात्री साडेआठला गेली. पुढच्या सोमवारी ते वाचनमंडळात येऊन बसले, आणि कुणी विचारलेलं नसताना त्या दिवशीच्या लेखातल्या तीन चुका दाखवून मोकळे झाले. माणूस मिसळणारा होता, त्याचं घड्याळ बिघडवलं होतं.

पहिले तीन दिवस: खोली

यावर फार लिहीत नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट दिवसाउजेडी चार-पाच वेळा चालून पाहा, मग संध्याकाळी छोटा दिवा लावून पुन्हा. वाटेत सतरंजी, वायर, स्टूल काही नको. मदतीसाठी बोलवायचं बटण पहिल्याच दिवशी एकदा दाबा. कोण येतं, किती वेळात येतं ते कळतं, आणि खरी गरज पडेल तेव्हा "उगाच कशाला त्रास" हा संकोच आड येत नाही. माझ्या अनुभवात पडलेली बरीच माणसं बटण हाताशी असूनही ते दाबायला लाजलेली होती.

सामान सगळं लावायची घाई करू नका. पण एक खुर्ची अशी ठेवा की तिच्यात बसून दार दिसेल. रोज अर्धा तास, शक्यतो जेवणाच्या आधी, दार उघडं ठेवून त्या खुर्चीत बसा. अशा ठिकाणी उघड्या दाराला भाषा असते. जाणारा-येणारा मान हलवतो, दुसऱ्या दिवशी थांबतो. दाराजवळ दिसेल असं काहीतरी ठेवा: जुना फोटो, अर्धं विणलेलं काही, बुद्धिबळाचा पट. शेजाऱ्याला बोलायला निमित्त लागतं, ते तुम्ही पुरवायचं. अर्धा तास झाला की खुशाल दार लावा. बंद दाराचाही मान राखला जायला हवा. केअरगिव्हर टकटक न करता आत येत असेल तर पहिल्याच वेळी सांगा, हसून पण स्पष्ट: "बाळा, आधी टकटक कर." दहाव्या वेळी सांगायला गेलात तर ती तक्रार वाटते.

पहिला आठवडा: टेबल

आता मुख्य गोष्ट.

बहुतेक डायनिंग हॉलमध्ये चारजणांची टेबलं असतात, आणि कागदोपत्री जागा ठरलेल्या नसल्या तरी प्रत्यक्षात ठरलेल्याच असतात. नव्या माणसाने सहज बसावं आणि पलीकडून आवाज यावा, "ही खुर्ची त्यांची आहे," हा प्रसंग इतक्यांदा पाहिलाय की मोजणं सोडून दिलं. ते ऐकून एक बाई तीन दिवस खोलीतच ताट मागवत होत्या. वास्तविक बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. ज्यांच्या हातून घर, गाडी, स्वयंपाकघर सुटलेलं असतं, त्यांच्यासाठी ती खुर्ची ही शेवटची मालकीची जागा असते.

तेव्हा आपणहून दारात उभं राहून खुर्ची शोधायची नाही. दाखल झालात त्याच दिवशी डायनिंग हॉलच्या प्रमुखाला किंवा कोऑर्डिनेटरला गाठा आणि सांगा, "मला एका ठरावीक टेबलावर बसवा, आणि पहिल्या जेवणाला माझी ओळख करून द्यायला तुम्ही सोबत या." हे मागणं मुळीच जास्तीचं नाही, त्यांच्या कामाचाच भाग आहे.

कुठलं टेबल, हेही मागून घ्या. कान थोडे कमी झाले असतील तर हे फार महत्त्वाचं. वयाबरोबर ऐकू कमी येऊ लागतं ते सगळं सारखं नाही. आधी बारीक, उंच स्वर जातात, आणि व्यंजनांची ओळख त्यांच्यावरच असते. म्हणून "बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही" अशी अवस्था होते. सात, हात, पाट सगळं एकच वाटायला लागतं. त्यात मागून भांड्यांचा खणखणाट. मग माणूस नुसती मान डोलावतो, आणि टेबलावरचे समजतात, गर्विष्ठ आहे किंवा विसरभोळा आहे. उपाय बसण्याच्या जागेत आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं टेबल, पाठ भिंतीकडे, आणि खिडकी आपल्या पाठीशी किंवा बाजूला, म्हणजे उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ दिसतात. कानाचं यंत्र असेल तर त्यालाही मागचा गोंगाट कमी मिळतो. आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका: "मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, जरा डावीकडून बोला." लपवण्यात काही अर्थ नाही, टेबलावरच्या चौघांपैकी निदान दोघांची तीच गत असते.

नावं लक्षात राहत नाहीत? खिशात छोटं कार्ड ठेवा आणि टेबलाचा नकाशा काढा. चार चौकोन, चार नावं, प्रत्येकापुढे एक शब्द. "शिक्षिका", "दोन नाती", "बागेची आवड". जेवणाला जाण्यापूर्वी एकदा नजर टाकायची. यात लाजण्यासारखं काही नाही, मी स्वतः नोकरीत हेच करायचे.

बोलायचं काय, हा पुढचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात दोन विषय टाळा: तुम्ही इथे का आलात, आणि समोरच्याला कुठला आजार आहे. दोन्ही विषय पुढे आपोआप निघतात. त्याऐवजी माहिती विचारा. "कपडे धुवायला कधी द्यायचे?" "बागेत सकाळी ऊन कुठल्या बाजूला असतं?" जुन्या रहिवाशाला सगळ्यात सुख कशाचं असेल तर नव्याला इथले खाचखळगे सांगण्याचं.

जेवून उठताना घाई नको. पोटभर जेवणानंतर रक्ताचा ओघ पचनाकडे वळतो आणि काही वयस्कर माणसांचा रक्तदाब तासा-दोन तासांसाठी खाली येतो. पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसून राहा. गंमत अशी की खऱ्या गप्पा त्याच वेळात होतात. तब्येतीसाठी बसलात तरी मैत्रीचं काम होऊन जातं.

आता थोडा हिशेब. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नुकतंच राहतं ठिकाण बदललेल्या प्रौढांना आणि नव्या विद्यार्थ्यांना विचारून एक अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निव्वळ ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणावं इतपत जवळ यायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. अभ्यास ज्येष्ठांचा नव्हता, तेव्हा आकडे काटेकोर धरू नका. पण आपल्यापुरतं गणित करून पाहा. आठवड्यात दोनदा एकेक तासाच्या कार्यक्रमाला गेलात तर पन्नास तास भरायला जवळजवळ सहा महिने लागतील. तेच एका टेबलावर दिवसात तीन जेवणं, प्रत्येकी चाळीस मिनिटं धरली, तर पंचवीस दिवसांत पन्नास तास होतात. नुसतं शेजारी बसून घास गिळल्याने ते भरत नाहीत, बोलावं लागतं, हे खरंच. तरीही माझ्या रंगीबेरंगी वेळापत्रकाचा पराभव या गणितात दिसतो, आणि मी तो कबूल करते.

म्हणून सांगते, पहिल्या महिन्यात खोलीत ताट मागवू नका. अगदी आजारी असाल तेवढा अपवाद. तीन वेळा जाणं झेपत नसेल तर दोन वेळा जा, पण रोज त्याच वेळी.

दुसरा आणि तिसरा आठवडा: वेळापत्रक वाचायचं कसं

बोर्डावर दिवसाला सहा-सात नोंदी दिसतात: खुर्चीतला व्यायाम, शब्दकोडी, चित्रकला, जुनी गाणी, पत्ते, बागकाम, चित्रपट, बाहेरची सहल. उत्साहाच्या भरात सगळ्यावर खुणा करून ठेवणारी माणसं दहा दिवसांत दमतात आणि मग एकदम सगळंच सोडतात. तुम्ही दोन निवडा.

त्यातला एक व्यायामाचा घ्या, इथे मी आवडीनिवडीला वाव देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल सांगितली आहे, आणि शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. जेवढं झेपेल तेवढं, पण काहीतरी. लोक चालण्यावर समाधान मानतात आणि तोलाकडे दुर्लक्ष करतात. पडण्यापासून वाचवतो तो तोल. वर्ग घेणाऱ्याला विचारा, "यात उभं राहून तोलाचे प्रकार आहेत का?" नुसते हात वर-खाली करणं असेल तर फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीची पाठ धरून करायचे दोन प्रकार शिकून घ्या.

दुसरा कार्यक्रम आवडीचा, पण एक अट: ज्यात तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात असा. चित्रपटाला चाळीस माणसं येतात आणि अंधारात बसून जातात. पत्त्यांच्या डावाला चौघंच असतात आणि एखादा आला नाही तर बाकीचे त्याच्या खोलीवर जाऊन दार वाजवतात. कुणीतरी आपली वाट पाहतंय, ही भावना डाव जिंकण्याहून मोठी. त्यामुळे लहान गट निवडा. आणि एकदा जाऊन नावं ठेवू नका, तीनदा जा. पहिल्या वेळी आपण नियम शिकतो, दुसऱ्या वेळी माणसं, तिसऱ्या वेळी कुठे आवडतं की नाही ते कळतं. तीनदा जाऊनही मन रमलं नाही तर बिनदिक्कत सोडा. कोऑर्डिनेटरला वाईट वाटेल याची काळजी करू नका, आम्हाला सवय असते.

एकांतप्रिय माणसांना हे सगळं ओझं वाटतं, त्यांच्यासाठी दोन शब्द. मिसळणं म्हणजे गलका नव्हे. वाचनालयात एकाच टेबलावर दोघांनी आपापलं पुस्तक वाचणं हासुद्धा सहवासच. आमच्याकडे दोघीजणी होत्या, रोज दुपारी एका खिडकीशी बसून विणायच्या. तासाभरात चार वाक्यं झाली तर खूप. एक आजारी पडली तेव्हा दुसरीने विणकाम त्या खिडकीशी न करता तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून केलं, अकरा दिवस.

दुपारी चार ते संध्याकाळी सात

हे तास वेळापत्रकावर बहुधा कोरे असतात. दुपारचे कार्यक्रम संपलेले, पाळी बदलत असल्यामुळे कर्मचारी घाईत, भेटायला आलेले नातलग परतलेले. घराची आठवण नेमकी याच वेळी गाठते. नव्या माणसाचे डोळे भरून येतात ते रात्री नव्हे, उजेड उतरताना.

या वेळेला काहीतरी खिळा ठोकून ठेवा, म्हणजे रोज ठरलेलं असं एखादं काम. ऊन असेपर्यंत बाहेर एक फेरी, फोनची वेळ, झाडांना पाणी, आवडता रेडिओ कार्यक्रम. शेजारच्यांपैकी ज्यांची स्मृती कमी होत चाललीय, ते याच सुमारास अस्वस्थ होतात, येरझारा घालतात, "मला घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील," असं म्हणतात. पहिल्यांदा ऐकून धक्का बसतो. त्यांना "तुमची मुलं मोठी झाली आहेत" असं समजवायला जाऊ नका, त्यांचं दुःख त्याने ताजं होतं. "मुलं कितवीत आहेत?" असं विचारा आणि चार पावलं सोबत चाला. मग केअरगिव्हरला हाक मारा.

चौथ्या आठवड्यापासून: एखादं काम अंगावर घ्या

एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एका नर्सिंग होममधला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा. शिवाय एकेक रोप दिलं, त्याची निगा तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी आढळली. प्रयोग लहान होता, त्यावरून नंतर वादही झाले. पण पाणी कुणी घालायचं यावरून माणसात फरक पडतो, हे मी कुंडीशिवायही पाहिलंय.

बिल थॉमस नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये कुत्री, मांजरं आणि शंभर पक्षी आणून सोडले. त्यांच्या मते तिथल्या माणसांना तीन गोष्टी पोखरत होत्या: एकटेपणा, असहायता आणि कंटाळा. औषधांनी त्या जात नव्हत्या. पक्ष्याला दाणा घालायचा असला की माणूस सकाळी उठतो. शंभर पक्ष्यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांचं काय झालं असेल ते मात्र मला विचारू नका.

तुम्हाला पक्षी आणायला नकोत. वर्तमानपत्रं वाटणं, वाचनालयातली पुस्तकं लावणं, फलकावर आजची तारीख लिहिणं, कमी दिसणाऱ्या शेजाऱ्याला पत्र वाचून दाखवणं, यातलं एक घ्या. काम खरं हवं. ते तुम्ही केलं नाही तर कुणाचंतरी अडेल, असं. "यांना काहीतरी करायला द्या" म्हणून घड्या घालून पुन्हा मोडलेले नॅपकिन माणसाला बरोबर कळतात. मी एकदा हे केलंय, आणि ज्यांच्याबाबतीत केलं त्या आजींनी नंतर कधी माझ्या कार्यक्रमाला पाऊल टाकलं नाही.

मुलांसाठी

"पहिले दोन आठवडे भेटायला येऊ नका, त्यांना रुळू द्या," असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. मला तो पटत नाही. ज्या माणसाने नुकतंच घर सोडलंय, त्याला आपल्यालाही सोडलं असं वाटायला दोन आठवडे फार झाले. या, पण थोडा वेळ, आणि आगाऊ सांगितलेल्या दिवशी. अवचित येण्यापेक्षा "गुरुवारी येतेय" हे शब्द जास्त टिकतात, चार दिवस पुरतात. जेवणाच्या वेळी आलात तर त्यांना बाहेर नेण्याऐवजी त्यांच्याच टेबलावर बसा. आई-वडिलांपेक्षा टेबलावरच्या बाकी तिघांशी जास्त बोला. तुम्ही गेल्यावर "तुमचा मुलगा छान बोलतो हो" यावर दोन जेवणं निघतात. आणि व्यायामाच्या नाहीतर पत्त्यांच्या वेळी फोन करू नका. वेळापत्रकाची एक प्रत तुमच्याही भिंतीवर असू द्या.

एखादी खुर्ची रिकामी होते तेव्हा

याबद्दल माहितीपत्रकात काही नसतं. इथली माणसं वृद्ध असतात, आजारी असतात, आणि कधीतरी सकाळी टेबलावर तिघंच येतात. काही ठिकाणी याची वाच्यता होत नाही, नाव दारावरून गुपचूप निघतं. आमच्याकडेही सुरुवातीला तसंच होतं. एकदा एक आजोबा सलग चार दिवस "ते अजून का आले नाहीत" असं विचारत राहिले आणि वाढणारी मुलगी विषय बदलत राहिली. त्यानंतर आम्ही डायनिंग हॉलच्या दाराशी फोटो आणि एक वही ठेवायला सुरुवात केली. ज्याला वाटेल त्याने दोन ओळी लिहाव्या.

तुमच्या ठिकाणी काय प्रथा आहे ते पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा. प्रथा नसेल तर रहिवाशांच्या बैठकीत विषय काढा. बऱ्याच ठिकाणी अशी रेसिडेंट कौन्सिलची बैठक असते. पाण्याचं तापमान, लिफ्ट, पाळीतली माणसं सारखी बदलणं यावर तिथे बोललं जातं. नवे लोक तिकडे फिरकत नाहीत, ही चूक. तक्रार घेऊन जाताना तारीख आणि वेळ लिहून न्या. "नेहमीच उशीर होतो" याला कुणी दाद देत नाही. "मंगळवारी आणि शुक्रवारी गोळ्या चाळीस मिनिटं उशिरा आल्या" याला द्यावी लागते.

मन लागत नाही ते किती दिवस चालायचं?

पहिले काही आठवडे रडू येणं, झोप मोडणं, चिडचिड होणं यात वावगं काही नाही. मात्र सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास राहिलं, जेवण नकोसं झालं, कपडे सैल होऊ लागले, पूर्वी आवडणारं काही आवडेनासं झालं, तर ते "रुळणं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठांमधल्या नैराश्यासाठी पंधरा प्रश्नांची हो-नाही स्वरूपाची एक चाचणी असते, पाच-सात मिनिटांची. ती करून घ्या. वयामुळे उदास वाटणारच, असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका, मग म्हणणारा कर्मचारी असो की घरचा.

दुसरा महिना संपताना: टेबल जमलंच नाही तर

होतं असं. एकजण सतत सरकारला शिव्या देतो, दुसऱ्याला कुणाचंच ऐकू येत नाही, तिसरी प्रत्येक घासाला आपली बायपास सांगते. दोन महिने प्रामाणिकपणे काढलेत, आता बदला. पण गुपचूप जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसू नका, त्याची चर्चा महिनाभर होते. आधी कोऑर्डिनेटरला खासगीत सांगा आणि कुठे जागा होणार आहे ते विचारा. मग टेबलावर सांगायचं एक बिनतोड कारण ठरवा. मी लोकांना कानाचं कारण सुचवते. "इथे पंख्याचा आवाज फार होतो हो मला, त्या कोपऱ्यात जरा शांत आहे." कुणाला वाईट वाटत नाही आणि कुणी उलट प्रश्न विचारत नाही. सुरुवातीला फक्त सकाळचा नाश्ता नव्या टेबलावर करा, बाकी दोन जेवणं जुन्याच जागी. आठवड्याने दुपारचंही हलवा. रात्रीचं जुन्या टेबलावर राहू द्या. बायपासवाल्या बाई पत्त्यांत फार हुशार निघतात, आणि चौथा भिडू कधीही कमी पडू शकतो.